पंपरूममधली सिम कार्डं आणि त्यांचे पत्ते : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

१० जून, सोमवार

काल मुंबईत पाऊस दाखल झाल्याचं जाहीर झालं आणि आज सकाळी सरांनी विचारलं, "टाक्यांचं काम कुठपर्यंत आलं?" कुठपर्यंतच नाही. म्हणून ही वही.

काम असं. दादरपासून मुलुंडपर्यंत आठ सोसायट्या. प्रत्येकीच्या पंपरूममध्ये एक कंट्रोलर. खालच्या टाकीत किती पाणी, गच्चीवरच्या टाकीत किती, पंप चालू की बंद, एवढं तो सांगतो. कंट्रोलर फोर-जी राउटरला जोडलेला, राउटरमध्ये सिम. ऑफिसातल्या सर्व्हरनं मिनिटामिनिटाला त्याची विचारपूस करायची.

पण सर्व्हरनं हाक मारायची कुठल्या पत्त्यावर? सिमला १० ने सुरू होणारा खासगी आयपी पत्ता (यंत्राचा आकडी पत्ता, पण फक्त कंपनीच्या आतल्या जाळ्यापुरता) मिळतो. दोन कंपन्यांची सिम टाकून दोन राउटर टेबलावर शेजारी ठेवले, तर दोघांच्या पत्त्यांचे पहिले दोन आकडे सारखे. त्यात नवल काही नाही. १० च्या त्या अख्ख्या गटात पत्ते आहेत १,६७,७७,२१६, आणि देशात मोबाइल जोडण्या शंभर कोटींच्या वर. म्हणजे एकच पत्ता वेगवेगळ्या गेटवेंमागे (गेटवे म्हणजे सिम कंपनीचं इंटरनेटकडे उघडणारं दार) पुन्हा पुन्हा वापरला जाणार. बाहेर पडताना तो आणखी एका सार्वजनिक पत्त्याआड जातो आणि त्या एका पत्त्याआड कितीजण बसलेत हे आपल्याला कळायची सोय नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही.

स्थिर पत्त्याचं सिम वेगळ्या पैशांत मिळतं. कमिट्या ते पैसे देणार नाहीत. एका सेक्रेटरींनी तर राउटरच्या विजेचा खर्च कोण देणार तेही विचारून घेतलंय. सरांचं मत, सरळ बोगदा टाका, म्हणजे राउटरनं आतून सर्व्हरपर्यंत जोडणी उघडून ठेवायची. मी म्हटलं, आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी पद्धत, थोडक्यात व्ही६; जुनी ती आयपीव्ही४) बघतो, एक आठवडा द्या. "एकच," म्हणाले.

१३ जून, गुरुवार

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला यूएसबी मॉडेम लिनक्सच्या डब्याला (छोट्या कॉम्प्युटरला) लावला. एपीएनमध्ये (सिमच्या इंटरनेट जोडणीच्या सेटिंगमध्ये) प्रकार बदलून "आयपीव्ही४व्ही६" केला. जोडणी झाली, पत्ता आला. आणि मग मी दोन तास वाया घालवले.

मॉडेमला विचारलं तर तो एक पत्ता सांगत होता आणि लिनक्सनं स्वतः बनवलेला पत्ता दुसराच होता. पुढचा अर्धा भाग सारखा, मागचा वेगळा. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. ऑफिसच्या लॅनची (आतल्या जाळ्याची) सवय नडली. तिथं एका तारेवर वीस मशीन असतात, एक पत्ता दोघांनी घेतला तर भांडण. इथं तारेवर माणसं दोनच, एका टोकाला माझा मॉडेम आणि दुसऱ्या टोकाला कंपनीचा गेटवे. तिसरं कुणी नाही. इंटरफेसला मॅक पत्तासुद्धा (यंत्राचा स्वतःचा आकडा) नाही, एआरपी (त्या आकड्याची चौकशी) नाही, शेजाऱ्याला शोधायची गरजच नाही.

संध्याकाळी आरएफसी ६४५९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे कागद, हा मोबाइलवरच्या आयपीव्ही६ चा) शांतपणे वाचल्यावर क्रम कळला. सिम नेटवर्कला लागतं तेव्हा गेटवे सिग्नलिंगमधूनच (जोडणी ठरवायच्या निरोपांतूनच) ६४ बिटांचा एक ओळखक्रमांक पाठवतो. त्याच्यापुढे एफई८० लावून मॉडेम फक्त या दुव्यापुरता पत्ता बनवतो. तो आकडा गेटवेनंच दिलेला असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या पत्त्याशी टक्कर होत नाही. मग मॉडेम विचारतो, राउटर कुणी आहे का? गेटवे जाहिरात पाठवतो आणि तिच्यात एकच उपसर्ग असतो, /६४ लांबीचा, म्हणजे १२८ बिटांच्या पत्त्याचा पुढचा अर्धा भाग. तो उपसर्ग या जोडणीचा आणि फक्त याच जोडणीचा. गेटवे स्वतः त्यातला एकही पत्ता वापरत नाही. त्यामुळे मागचे ६४ बिट मी काहीही ठेवू शकतो. नेटवर्कनं आधी दिलेलाच ओळखक्रमांक इथं वापरायचं बंधन नाही, आणि हा पत्ता आणखी कुणी घेतलाय का हे तपासायचीही गरज नाही.

म्हणजे मी खोलीचा नंबर मागायला गेलो होतो आणि अख्खी चाळ नावावर झाली. दोन्ही पत्त्यांवर बाहेरून पिंग ("आहेस का?" अशी हाक) मारला, दोन्ही उत्तर देतात. तिसरा मनानं बनवून लावला, तोही देतो.

आयपीव्ही४ चा पत्ता मात्र सिग्नलिंगमधूनच येतो, तयार, एकटा.

१९ जून, बुधवार

राउटरच्या मागे कंट्रोलर आहे. त्याला पत्ता कसा द्यायचा?

घरच्या फायबरवर राउटर वरून आणखी मोठा उपसर्ग मागून घेतो आणि त्याचे तुकडे घरात वाटतो. तसंच इथं मागितलं. उत्तरच नाही. मोबाइलच्या मानकात ही सोय रिलीज १० पासून आहे. त्यात दुव्यावर वापरलेला /६४ वाटपातून वगळायची तरतूदसुद्धा आहे. पण कागदावर असणं आणि आपल्या सिमवर मिळणं यात फरक आहे. आपल्या दोन्ही सिमवर नाही मिळत.

मग आरएफसी ७२७८ चा उपाय, जो फोनचं हॉटस्पॉटही करतं: मिळालेला एकच /६४ लॅनवर उतरवायचा. मोबाइलच्या बाजूला दोघांतच दुवा असल्यानं तिथं अख्ख्या /६४ ची गरज नाही. राउटरनं स्वतःला एकच पत्ता ठेवायचा, बाकी सगळं लॅनला द्यायचं.

केलं, आणि लॅनवरचा लॅपटॉप बाहेर जाईना. जाताना पॅकेट (माहितीचं पाकीट) जात होतं, उत्तर राउटरपर्यंत येत होतं आणि राउटर ते पुन्हा मोबाइलच्या बाजूला फेकत होता. चूक माझ्या स्क्रिप्टमध्ये होती. मोबाइल इंटरफेसवर पत्ता लावताना मी सवयीनं शेवटी "/६४" लिहिलं, त्यामुळे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) वाटलं हा अख्खा उपसर्ग मोबाइलच्याच तारेवर राहतो. एकाच /६४ साठी दोन रस्ते, आणि चुकीचा जिंकला. "/१२८", म्हणजे एकच पत्ता, केल्याबरोबर चालू.

गंमत म्हणजे गेटवेनं हे आधीच सांगितलं होतं. त्याच्या जाहिरातीत "या उपसर्गावरून स्वतःचा पत्ता बनव" ही खूण १ असते, पण "हा उपसर्ग याच तारेवर आहे" ही खूण मुद्दाम ० असते. कर्नल स्वतःहून पत्ता बनवतो तेव्हा ही खूण पाळतो. हातानं लिहिणारा मीच पाळली नाही.

२४ जून, सोमवार

आठवडा संपलाय. सरांना डेमो दाखवला. सर्व्हरवरून थेट भांडुपच्या कंट्रोलरचा पत्ता टाइप केला, टाकीची पातळी आली. सर खूश. ताई खूश नाहीत. (ताई म्हणजे आमच्या सर्व्हरच्या मालकीणबाई, ऑफिसात सगळे ताईच म्हणतात.)

"हा पत्ता जगाला दिसतो?"

"हो."

"म्हणजे जगाला पंप चालू-बंद करता येईल?"

येईल. कंट्रोलर मॉडबस (औद्योगिक यंत्रांची जुनी भाषा) बोलतो, ५०२ पोर्टवर, आणि मॉडबसला पासवर्ड हा प्रकारच माहीत नाही. खासगी पत्त्याआड होतो तेव्हा हा प्रश्न झाकलेला होता, इतकंच. आजच राउटरवर नियम लावला: आत फक्त आपल्या सर्व्हरच्या उपसर्गावरून येता येईल, बाकी सगळं टाकून द्या. ताईंनी स्वतःच्या फोनवरून तपासून घेतलं, मगच चहा मागवला.

दुसरं: दोन सिम कंपन्यांपैकी एक बाहेरून येणारी जोडणी आत सोडते, दुसरी गिळते. पत्ता सार्वजनिक असून तिथं दार बाहेरून बंद. आठपैकी चार साइट तशा आहेत.

तिसरं, सगळ्यात त्रासाचं. राउटर बंद करून चालू केला की नवा /६४ येतो. जाहिरातीत आयुष्य "अनंत" लिहिलेलं असतं, पण ते अनंत जोडणी तुटेपर्यंतच. म्हणून जोडणी लागली की राउटरनं सर्व्हरला "माझा आत्ताचा उपसर्ग हा" असं कळवायचं, असं ठरलं. मागचा अर्धा भाग आम्हाला आधीच माहीत असतो, कारण कंट्रोलर तो मॅक पत्त्यावरून बनवतो, मध्ये एफएफएफई घालून. पुढचा राउटरकडून, मागचा वहीतून, सर्व्हर दोन्ही जोडतो.

आठपैकी दोन कंट्रोलर जुने आहेत, त्यांना आयपीव्ही६ येतच नाही. त्यांच्यासाठी राउटरवर सोकॅट बसवलं: व्ही६ वर ऐकायचं, आत व्ही४ वर पोचवायचं. देखणं नाही, पण चालतं.

२७ जून, गुरुवार

सायनच्या साइटचं सिम बंद पडलं. महिन्याचा ५०० एमबीचा पॅक बारा दिवसांत खलास. टाकीची पातळी विचारायला ५०० एमबी लागत नाहीत.

भाऊंना (आमचे इलेक्ट्रिशियन) पाठवलं. त्यांनी फोनवर सांगितलं, "तार निघालीय. ती छोटी डबी खाली लोंबकळतेय." राउटरचं लॅन पोर्ट यूएसबीवर आहे, पंपाच्या थरथरीनं ते सैल होऊन निघालं असणार. कंट्रोलर तुटला हे कळलं, पण डेटा का जळला?

पकडून बघितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. सर्व्हर दर दहा सेकंदांनी कंट्रोलरला पिंग मारतो. पिंग गेटवेपर्यंत येतो, गेटवे म्हणतो हा /६४ सायनच्या सिमचा, खाली पाठवतो. राउटरवर लॅनचा इंटरफेसच नाहीसा झालाय, तेव्हा /६४ चा रस्ताही नाही. उरला नेहमीचा रस्ता, म्हणजे गेटवेकडे. पॅकेट परत वर. गेटवे बघतो, हा तर सायनच्या सिमचा; परत खाली. टेबल टेनिस. प्रत्येक उडीला हॉप लिमिट (पॅकेटवर लिहिलेला उरलेल्या उड्यांचा आकडा) एकानं कमी होतं आणि शून्य झाल्यावरच हा खेळ थांबतो. आमच्या सर्व्हरवरून निघालेलं पॅकेट इथं पोचतं तेव्हा पन्नासच्या आसपास उरलेलं असतं, म्हणजे एक पिंग रेडिओवरून सुमारे पन्नास वेळा ये-जा करतो.

हिशोब: १०४ बाइटचा पिंग, दिवसाला ८,६४०, साधारण ०.९ एमबी. पन्नासनं गुणलं की ४५ एमबी. बारा दिवस बरोबर बसतात.

हा दोन टोकांच्या दुव्याचा जुना रोग आहे. राउटर-राउटरमधल्या दुव्यावर /६४ न वापरता /१२७ वापरा असं आरएफसी ६१६४ मध्ये २०११ साली सुचवलं, त्यामागचं एक कारण हेच. मोबाइलला /१२७ देता येत नाही, कारण मग मागे वाटायला काही उरतच नाही. उपाय राउटरनं करायचा: मिळालेल्या अख्ख्या /६४ साठी "पोचत नाही" असा एक रस्ता खालच्या पसंतीनं कायम ठेवायचा. लॅन असेल तर लॅनचा रस्ता जिंकेल, नसेल तर पॅकेट जागीच मरेल. एक ओळ. आठही राउटरवर टाकली.

त्याच कामात दुसऱ्या एका सिमवर आतून खोटं उगमस्थान (पाठवणाऱ्याचा पत्ता) लावून मुद्दाम पाठवून बघितलं. तिथं चेंडू परत येत नाही: वर गेलेल्या पॅकेटचं उगमस्थान आपल्या /६४ मधलं नसेल तर तो गेटवे ते टाकून देतो. शहाणा गेटवे. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे, लिहून ठेवतो.

भाऊंनी डबी केबल टायनं बांधली. "रस्ता-बिस्ता तुम्ही बघा," म्हणाले, "पण ही पट्टी लावल्याशिवाय काही खरं नाही."

४ जुलै, गुरुवार

मरीन ड्राइव्हवर विश्वचषकाची मिरवणूक. चर्चगेटची मीटिंग रद्द. जाऊन आलेला एकजण सांगत होता, फोनवर सिग्नल पूर्ण आणि काहीच उघडत नव्हतं. पत्ते प्रत्येकाला वेगळे असले तरी हवा सगळ्यांची एकच.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. रुळांवर पाणी, लोकल विस्कळीत, मी घरून काम करतोय. सकाळपासून सर्व्हरचा लॉग बघत बसलोय, आणि हा लॉग म्हणजे पूर्ण प्रकल्पाची परीक्षा.

रात्रीत आठ साइटनी मिळून एकवीस वेळा नवा उपसर्ग कळवला. वीज जाते, राउटर उठतो, नवा /६४, कळवतो, सर्व्हर पुन्हा विचारायला लागतो. जास्तीत जास्त खंड अकरा मिनिटांचा.

हिंदमाताजवळच्या सोसायटीत पहाटे चारला खालच्या टाकीची पातळी चढायला लागली. त्या सोसायटीत नळाचं पाणी त्या वेळी येत नाही. आमच्या ओव्हरफ्लोच्या नियमानुसार कंट्रोलरनं स्वतःहून अलार्म पाठवायला हवा होता. आला नाही. पण सर्व्हर विचारतच होता आणि पातळी दिसत होती, म्हणून ताईंनी साडेचारला सेक्रेटरींना उठवलं. रस्त्यावरचं पाणी झाकणातून टाकीत शिरत होतं. पंप बंद केला, नाहीतर तेच पाणी गच्चीवर आणि तिथून घराघरात गेलं असतं.

सेक्रेटरींचा दुपारी फोन आला. विजेच्या खर्चाबद्दल काही बोलले नाहीत.

अलार्म का आला नाही?

११ जुलै, गुरुवार

सापडलं, आणि उत्तर २७ जूनच्या नोंदीतच पडलेलं होतं.

हिंदमाताच्या साइटवर त्या "शहाण्या" गेटवेचं सिम आहे. रात्री वीज गेली तेव्हा राउटर बंद पडला, पण कंट्रोलरला बॅटरी आहे, तो जागाच होता. राउटर उठला तो नवा /६४ घेऊन. जुना तो विसरला, आणि "जुना आता चालत नाही" असं लॅनवर सांगायला त्याच्या आठवणीत जुना उरलाच नव्हता. कंट्रोलरकडे मात्र दोन्ही पत्ते जिवंत. राउटरची नेहमीची जाहिरात पसंतीची मुदत सात दिवस देते आणि वैधता तीस दिवस. अलार्म पाठवताना कंट्रोलरनं उगमस्थान म्हणून जुना पत्ता निवडला आणि गेटवेनं परका समजून टाकून दिला. सर्व्हर नव्या पत्त्यावर विचारत होता तेव्हा उत्तरही नव्याच पत्त्यावरून जात होतं, म्हणून ते चाललं.

घरच्या फायबरवर हे क्वचित होतं. मोबाइलवर पत्ता जोडणीला बांधलेला, जोडणी विजेला बांधलेली आणि वीज पावसाला.

तीन बदल केले. एक, मुदती मिनिटांवर आणल्या. दोन, राउटरनं प्रत्येक उपसर्ग फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवायचा आणि उठल्यावर जुन्याची जाहिरात पसंतीची मुदत शून्य करून द्यायची. वैधता लगेच शून्य करता येत नाही, दोन तासांखालची मुदत यंत्रं मुद्दाम ऐकत नाहीत, कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून; पण पसंती शून्य केली की नव्या जोडणीसाठी तो पत्ता मागे पडतो. तेवढं पुरतं. तीन, पंपरूमच्या आत आपापसात बोलायला एफडी ने सुरू होणारे स्थानिक पत्ते. ते कंपनीकडून येत नाहीत आणि बदलत नाहीत.

टेबलावर सतरा वेळा वीज काढून बघितलं. सतराही वेळा अलार्म आला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी असून बसलो, कारण मुलुंडच्या जुन्या कंट्रोलरचं घड्याळ वीस मिनिटं मागे पडलंय आणि ते डोक्यातून जाईना.

तिथलं नवं सिम फक्त व्ही६ देतं. कंट्रोलर वेळ ज्या पत्त्यावर विचारतो तो फर्मवेअरमध्ये व्ही४ आकड्यांतच गोंदलेला. नाव असतं तर कंपनीच्या डीएनएसनं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेनं) भाषांतराचा पत्ता हाती दिला असता; आकड्याचं डीएनएस काय करणार? म्हणून ४६४एक्सलॅट. राउटरवर एक भाषांतरकार बसतो, व्ही४ पॅकेटला व्ही६ चा अंगरखा घालतो, कंपनीकडे दुसरा तो उतरवतो. कंपनीचा भाषांतर-उपसर्ग कुठला, हे "आयपीव्ही४ओन्ली डॉट आर्पा" या नावाबद्दल विचारून कळतं: खरं उत्तर १९२.०.०.१७० आणि १७१ एवढंच असायला हवं, त्याभोवती जे जास्तीचं चिकटून येतं तो उपसर्ग.

इथं पुन्हा /६४ कामाला आला. भाषांतरकाराला स्वतःचा वेगळा पत्ता लागतो, जो राउटरचा नाही, कंट्रोलरचाही नाही. कुणाला न विचारता त्याच चाळीतली एक खोली उघडून दिली. व्ही६ चं शीर्षक व्ही४ पेक्षा २० बाइट मोठं, तेवढा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) कमी केला. घड्याळ बरोबर.

आई साबुदाण्याची खिचडी ठेवून गेली होती, ती थंड खाल्ली.

२७ जुलै, शनिवार

ताईंचा प्रश्न होता: साइट हलत नाहीत हे ठीक, पण पाण्याच्या टँकरवर हाच राउटर बसवायचा म्हटलं तर टॉवर बदलला की पत्ता बदलेल का? मी म्हटलं नाही. "बघून सांग," म्हणाल्या.

रविवारी मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून आज दुपारी दादरहून कल्याण फास्ट. मॉडेम, डबा आणि पॉवर बँक पाठीवरच्या बॅगेत, दर सेकंदाला पिंग. शेजारच्या काकांनी बॅगेतला दिवा लुकलुकताना बघून दोनदा विचारलं, "काय आहे हे?" "इंटरनेट मोजतोय." त्यावर त्यांनी स्वतःच्या इंटरनेटची तक्रार घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत सांगितली.

वाटेत किती टॉवर बदलले, त्याची गणती नाही. खाडी ओलांडताना काही पिंग हरवले, दोनदा सेकंदभर अडकलं. उपसर्ग मात्र दादरला होता तोच कल्याणला. जोडणी तुटली नाही तर तो बदलत नाही, कारण पत्ता टॉवरचा नाहीच. टॉवरपासून गेटवेपर्यंत जीटीपीचा (मोबाइल कंपन्यांच्या आतल्या वाहतुकीच्या पद्धतीचा) बोगदा असतो, यूडीपी २१५२ वर. गाडी पुढं सरकते तसं बोगद्याचं आपल्याकडचं तोंड एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातं. दुसरं तोंड गेटवेत रुतलेलं असतं. "दोन टोकांचा दुवा" म्हणतात ती ही लांबलचक वस्तू. मधे रेडिओ आहे, फायबर आहे, किती स्विच आहेत. राउटरला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो एक शेजारी, एका उडीवर.

२ ऑगस्ट, शुक्रवार

गेटवेच्या बाजूनं बघायची हौस भागवली. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर ओपन५जीएस (मोबाइल कंपनीची गेटवेसकट बाजू चालवणारं सॉफ्टवेअर) चढवलं, फोनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर त्याला जोडलं. रेडिओ नाही, परवान्याचा प्रश्न नाही, सगळं एका खोक्यात.

नमुन्याच्या सेटिंगमध्ये /४८ चा साठा असतो (तिरप्या रेघेनंतरचा आकडा लहान तितका साठा मोठा), दस्तऐवजांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतला. त्यातून ६५,५३६ जोडण्यांना प्रत्येकी एक /६४ देता येतो. खऱ्या कंपनीकडे /३२ असेल तर तेच ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे व्ही४ मध्ये जगभरात मिळून जेवढे पत्ते आहेत तेवढ्या अख्ख्या चाळी. बाहेरच्या जगाला यातलं काही कळत नाही. त्यांना साठ्याचा एकच रस्ता जाहीर होतो. आत गेटवेकडे एक तक्ता, जोडणीला एक ओळ: हा /६४, हा बोगदा.

शंभर नकली फोन जोडले, तोडले, पुन्हा जोडले. ओळी येतात, जातात. नवा उपसर्ग का येतो याचं सगळं गूढ इथं संपलं: जोडणी तुटली की ओळ पुसली जाते, पुढच्या वेळी नवी ओळ. आपल्याकडचा कुणी चिडून उपसर्ग बदलत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

साहित्य आलं नाही, काम बंद. उद्या सुट्टी.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. घरी डायलअप आलं ते बऱ्याच वर्षांनी, पण तो किरकिरणारा मॉडेमही दोन टोकांचाच दुवा होता. पीपीपी नावाची पद्धत. व्ही४ चा पत्ता त्यातल्या वाटाघाटीतच मिळायचा. व्ही६ साठी तिथं फक्त मागचा ओळखक्रमांक ठरतो, उपसर्ग राउटरच्या जाहिरातीतून येतो. मोबाइलवाल्यांनी हाच साचा उचलला. मात्र त्यांच्या पहिल्या आराखड्यात फोनला एकच पत्ता मिळणार होता. २००२ मध्ये इंटरनेटच्या मानकवाल्यांनी आरएफसी ३३१४ लिहून त्यांना सुचवलं की जोडणीला अख्खा उपसर्ग द्या, तो दुसऱ्या कुणाला देऊ नका, आणि मागचा भाग फोनला हवा तसा बदलू द्या, यादृच्छिकसुद्धा. ते मानलं गेलं. एकच पत्ता राहिला असता तर मुलुंडचं घड्याळ मला दुरुस्त करता आलं नसतं, आणि कंट्रोलरला पुन्हा व्ही४ सारखं राउटरआड लपावं लागलं असतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

काल दहीहंडी, भाऊ आज दुपारी आले, खांदा धरून. विचारलं नाही.

बाहेरून येणारी जोडणी गिळणाऱ्या कंपनीच्या चार सिमांपैकी तीन बदलली. चौथी मुलुंडची, तिथल्या तळघरात दुसऱ्या कंपनीचा सिग्नलच पोचत नाही. तिथं राउटर आतून बोगदा काढून सर्व्हरला जोडतो. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते ते एका साइटपुरतं तरी खरं झालं, आणि ते तसं बोलूनही दाखवलं.

शिल्लक: सायनच्या पंपरूमला केबल टायऐवजी पक्की पेटी. विक्रोळीला उंदीर. सगळ्या राउटरवर स्टिकर लावायचा, "हात लावू नये, फोन करावा". नंबर ताईंचा टाकायचा की माझा, यावर अजून एकमत नाही.